परमिटची बाटली

१९७३ साली गुजरातेतल्या आमच्या मराठी मंडळात वादविवादाचा विषय होता : इथली दारूबंदी उठवावी का? उठवू नये, या बाजूने चंद्रकांतराव, बँकेतून निवृत्त, आवाज खणखणीत. उठवावी, या बाजूने मी. दुसरं कुणी तयार नव्हतं. माझं आयुष्य ग्रंथालयात गेलेलं. लिहून नेलेल्या कागदातलं अर्धं वाचलं आणि खाली बसलो.

"दारू म्हणजे विष," चंद्रकांतराव म्हणाले. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मंडळाची झाडलोट करणारी सुंदरा दारात आली. तिचा नवरा हिलाल पांडेसऱ्याच्या कारखान्यात कापड रंगवण्याच्या कामावर होता.

"बाबा, काल त्यास्नी भट्टीवरली पिदी. सकायपासून काहीच दिसत नही."

"दवाखान्यात नाही नेलं?" श्रोत्यांत बसलेल्या डॉ. शैलजाबाईंनी विचारलं.

"कशी नेऊ? शेजारच्या भटूले पिदी म्हणून दवाखान्यातूनच पोलिसांनी उचलं."

शैलजाबाई उठल्या. "न्यायलाच हवं. मी येते. पण वाटेतच थोडी चांगली दारू पाजायला हवी. भट्टीतलं विष तिनेच थोपतं."

सगळे चंद्रकांतरावांकडे बघू लागले. तब्येतीचं कारण दाखवून त्यांनी दारू बाळगायचं सरकारी परमिट काढलं होतं. घर समोरच.

"परमिट माझ्या नावाचं आहे. दुसऱ्याला दिली तर गुन्हा होतो."

"तुम्ही पितस ते औषध, आम्ही पिऊत ते इख," सुंदरा म्हणाली. "बरं शे, साहेब."

राग आला की मला आधी वाटतं, आपलंच चुकत असेल. तेव्हाही वाटलं. कायदा त्यांच्याच बाजूने होता. पण चंद्रकांतराव खुर्चीत टेकले आणि चिटणीसांना म्हणाले, "चला, मतं घेऊन टाकू."

"घरच्या कपाटाची किल्ली द्या," मी म्हणालो.

"अहो, तुम्ही जरा शांत..."

"शांतच आहे. जन्मभर शांतच आहे. किल्ली द्या, आणि बाटली मी चोरली म्हणून पोलिसांत सांगा."

त्यांनी किल्ली टेबलावर टाकली. मला घाबरून नव्हे. सगळे बघत होते म्हणून.

बाटली मी न लपवता हातात धरून रस्त्याने सुंदराच्या घरापर्यंत नेली. दवाखान्याच्या वाटेवर शैलजाबाईंनी रिक्षातच हिलालला घोट घोट पाजलं.

संध्याकाळी उरलेली बाटली परत द्यायला गेलो. चंद्रकांतरावांनी ती दिव्यासमोर धरून किती शिल्लक आहे ते पाहिलं.

"ठराव मंजूर झाला," ते म्हणाले. "बंदी हवीच. तुमची बाजू हरली."

"हिलालचा एक डोळा गेला," मी म्हणालो. "एक वाचला. त्याचं मत तुम्ही घेतलं नाहीत."

पुन्हा मी त्या मंडळाची पायरी चढलो नाही.