विहिरीतला काळा दगड

मोनाली ढिगाऱ्यावर बसून आमच्या विहिरीतून निघालेला काळा दगड हुंगत होती. यवतमाळची पोरगी, दगडांचंच शिक्षण घेत होती म्हणे, त्यासाठीच आमच्या गावात आलेली. मी म्हटलं, "पोरी, गूळ नाही तो."

माझा दीर गोविंदा दोराची गाठ ओढून बघत होता. तो म्हणाला, "हुंगू द्या वैनी. आपल्या विहिरीत दगडाबिगर दुसरं हाय काय?"

गोविंदानं जन्मभर लोकांच्या विहिरी खोदल्या, पार मुकुटबनपर्यंत. घरच्या विहिरीला हात लागला तो म्हातारपणी. पावसानं दडी मारलेली, कपाशीच्या कळ्या-पात्या गळत होत्या, आणि पाणी हातभरच खाली आहे याची त्याला खात्री होती. पोळ्याला आमच्यात हत्याराला हात लावत नाहीत, म्हणून काम थांबलं होतं. काडीकचरा पडू नये म्हणून विहिरीच्या तोंडावर ताडपत्री ताणून ठेवली होती. ती आता काढली.

बंद राहिलेल्या विहिरीत उतरायचं तर आधी पेटता कंदील सोडायचा, तो विझला तर उतरायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण त्या महिन्यात रेशनवर रॉकेलच आलं नव्हतं. माझ्या पोरानं, कमलाकरनं, नवी बॅटरी दोराला बांधून खाली सोडली. ती तळाशी जाऊनही लख्ख जळत राहिली. बॅटरीला हवा लागत नाही, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. गोविंदा म्हणाला, "मस्त उजेड हाय," आणि दोर धरून उतरला.

छन्नीचा आवाज वर येऊ लागला. मी मोनालीजवळ टेकले. तिनं एक तांबडा आणि एक काळा दगड माझ्या हातावर ठेवला. तिचं सगळं मला कळलं असं नाही. कळलं ते इतकंच, की इथं एके काळी समुद्र होता. बैल नाही, माणूस नाही, झाडसुद्धा नाही, तेव्हाचा. आधी त्या पाण्यात प्राणवायू नव्हताच. मग वरवर थोडा आला, तळ मात्र कोट्यवधी वर्षं कोंदटच राहिला. हवा पोचली तिथला दगड तांबडा, नाही पोचली तिथला काळा.

"आमच्या घशाला कोरड, अन् तू मले समुद्र सांगून राह्यली," मी म्हटलं. "बरं, आली ते हवा मग राह्यली ना?"

"नाही आजी. आली, गेली, परत आली. गेली का तळाचं सगळं मरे." एसटीच्या वेळा सांगाव्यात तसं ती सांगत होती.

खाली छन्नी आता थांबून थांबून वाजत होती. दमला असेल, मी मनात म्हटलं.

"हा काळा तर फोडला का अजूनबी हवा ओढतो," मोनाली म्हणाली. "ओल्या जागी, अन् त्यात बंद..."

ती बोलता बोलता थांबली. बाजूला पडलेल्या ताडपत्रीकडे पाहू लागली. छन्नी वाजत नव्हती.

आम्ही वाकून पाहिलं. बॅटरीच्या उजेडात गोविंदा दगडाला पाठ टेकून बसला होता, मान छातीवर. हाक मारली तरी हलला नाही. कमलाकरनं चपला काढून दोर धरला. मोनाली उतरू नका, उतरू नका म्हणत होती, पण तो काकाच्या खांद्यावर वाढलेला, कुणाचं ऐकतो? मी त्याच्या कमरेला मिठी मारली.

"सोड माय, काकाजी हाय तिथं."

"एक गेला. दुसरा नाही देत मी."

गोविंदाची बायको वच्छला शेतातलं निंदण टाकून धावत आली होती. तिनं ते ऐकलं. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मी मिठी सोडली नाही.

आतली हवा हलावी म्हणून गावानं लिंबाच्या फांद्या विहिरीत खालवर केल्या, बादल्यांनी पाणी ओतलं. कुणीतरी भरलेला कंदील आणला. तो तळाशी टिकला तेव्हाच माणसं उतरली. तोवर सगळं आटोपलं होतं.

मी केलं ते केलं. उद्या वेळ आली तर पुन्हा तेच करीन. कमलाकर माझ्याशी बोलत नाही, माझ्या हातचं खात नाही. म्हणून चुलीपुढे वच्छला बसते. पहिली भाकर त्याच्या ताटात टाकते. दुसरी माझ्याकडे सरकवते.