घोडा थांबतो ती जागा

"पुन्यांदा म्हना तात्या, आन् जरा मोठ्यानं," शेजारची सरुबाई म्हणाली, तसे इसाजी थळकर आणखीच भिंतीकडे वळले.

इंदापूरच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता. कळस-वरकुट्याची माणसं त्यांच्या हातचं कडू औषध गुमान पीत. पण पाठीमागे चार बायका बसलेल्या असताना मेंदीचं गाणं म्हणायचं म्हणजे त्यांना दरदरून घाम फुटला होता. बेने इस्राएलांत, म्हणजे त्यांच्या मराठी ज्यू समाजात, हे गाणं बायकांचं. पुरुषाने ते दाराआडून ऐकावं आणि मान डोलवावी.

पण इलाज नव्हता. संध्याकाळी लेकीला, रिबकाला, मेंदी लागायची होती आणि उद्या लग्नासाठी पुण्याला निघायचं होतं. गाणं म्हणायला पेणहून येणारी बहीण तापाने अंथरुणाला खिळल्याचा निरोप सकाळीच आला. गावात त्यांच्या जातीचं दुसरं घर नव्हतं, आणि बायको मिलका गेल्या वर्षी वारली. आईच्या गाण्याशिवाय पोर या घरातून जाणार, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना. शेवटी लाज गुंडाळून ठेवून त्यांनी शेजारणींना बोलावलं.

त्यांनी घसा खाकरला.

"मेंदी गं वाटिली दगडी पाट्यावर, एलिया नबीचा घोडा..." इथे ते थांबले आणि मग म्हणाले, "आला वाटेवर."

"ह्यो नबी कोन म्हनायचा?" प्रयागबाईने विचारलं.

"आमचा संत. शुभकार्याला येतो, आशीर्वाद देतो."

"मग म्हनू की. पर दर खेपंला घोडा मधीच का थांबतो वं?"

"चालच तशी आहे," इसाजी ठामपणे म्हणाले. "मिलका रोज अशीच म्हणायची. गायला तिच्या जातीतल्या बायका इथे कुठे होत्या? दळताना जात्यावरच म्हणायची."

बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

"अवं तात्या, तितं ती जात्यात दान्याचा घास घालत असंल," सरुबाई म्हणाली. "घास घालताना दम तुटतोच. चालीत थांबाया न्हाय काय."

इसाजी वळून बघतच राहिले. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत अंथरुणात पडून ऐकलं आणि एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नाही. त्यांना स्वतःचं हसू आलं, आणि लगेच मिलकाची आठवण आली.

दिवेलागणीला मेंदी लागली. इसाजी रिवाजाप्रमाणे दाराबाहेर बसले. आत बायकांनी गाणं न थांबता, सरळ उचललं. गात होत्या गोड, नावं ठेवायला जागा नव्हती. तरी इसाजींना कसंनुसं होत होतं.

तेवढ्यात रिबकाचा आवाज आला. "सरुमावशी, आई थांबायची तितं थांबा."

"अगं, ते घास घालायचं..."

"मला ठाव हाय. दानं मीच सुपातनं फुडं सरकवायची."

बायकांनी पहिल्यापासून सुरुवात केली. 'एलिया नबीचा घोडा' इथवर आल्या आणि सगळ्या थांबल्या. मग बायकांच्या आधी दाराबाहेरून इसाजींनीच पुढचे शब्द उचलले, चांगले मोठ्याने, आणि कुणी हसलं नाही.