सांगितलं की सुटलात

"काका, सांगायचं ते सांगा, पण रडकं तोंड करून सांगू नका," दलाल दारातच कुजबुजला. "पाणी चोवीस तास, ऊन भरपूर, आणि हो, मागच्या मातीत जरा शिसं आहे. असं, बोलता बोलता."

लिफ्टवाल्या काकांनी मान डोलावली. इस्पितळाच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून त्यांनी उभा जन्म काढला होता. अख्ख्या जगाला वर-खाली नेलं आणि आपण तिथल्या तिथे! बोलायची सवय म्हणाल तर "कितवा मजला?" एवढीच. नोकरी संपल्यापासून तेवढंही विचारायला समोर कुणी नव्हतं. बायको त्याआधीच गेली होती.

घर विकायचं ते लेकीसाठी. लेक तिशी ओलांडलेली, पण समज लहान मुलीची. आई गेल्यावर काकांच्या दिवसपाळी-रातपाळीपायी ती परगावी आत्याकडे राहायला गेली, ती तिकडचीच झाली. आता आत्याचे गुडघे गेले होते. "दादा, माझ्याच्याने होत नाही रे, तू ये आणि सांभाळ तिला," असं ती दर फोनला म्हणायची. पण तिच्या घरात आणखी एक अंथरूण घालायला जागा नव्हती. तिथे खोली घ्यायची तर हे घर विकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आणि घराला ही माती चिकटलेली. घरामागे पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा कारखाना होता. कारखाना उठला, शिसं राहिलं. तपासणीवाले आले ते फार उशिरा. लहान मुलं माती तोंडात घालतात, त्यांच्या मेंदूवर परिणाम होतो, म्हणाले. काकांनी त्यांना काहीच विचारलं नाही. लेक याच अंगणात रांगली होती. विकणाऱ्याने असा दोष घेणाऱ्याला सांगितलाच पाहिजे, असा कायदाही होता.

घर बघायला एक जोडपं आलं. नवरा टेम्पो चालवायचा. बायकोच्या कडेवर दीडेक वर्षाचं पोर होतं. दलालाचं बोलता बोलता वगैरे काकांना कुठलं जमायला? चपला काढायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "मागच्या मातीत शिसं आहे. लहान मुलांना फार वाईट."

"माहीत आहे काका," टेम्पोवाला म्हणाला. "म्हणून तर आम्हाला परवडतंय."

"फरशी घालून घेऊ पुढेमागे," बायको म्हणाली. "आत्ताच्या खोलीत भिंतींना बुरशी आहे. याचा खोकला थांबत नाही. तिथून निघालो तरी पुष्कळ."

दलालाचा चेहरा फुलला. तो सह्या कधी करायच्या ते बोलू लागला, आणि तेवढ्यात आईने खाली सोडलेलं पोर मागच्या दारातून बाहेर गेलं. काका पाठोपाठ गेले. पोर मातीत फतकल मारून बसलं होतं आणि मूठ तोंडात होती.

काकांनी त्याला उचलून नळाशी नेलं. तोंड धुतलं, एकेक बोट उघडून नखं चोळली. पोराने ओल्या हाताने त्यांचा गाल धरला आणि ते खुदकन हसलं. किती दिवसांत काकांना कुणाचा हात लागला नव्हता. पोराला खाली ठेवावंसं वाटेना. त्यांनी त्याला तसंच आत आणलं, आईकडे दिलं आणि म्हणाले, "मला घर द्यायचं नाही."

"अहो काका," दलाल म्हणाला, "तुम्ही सांगितलंत, त्यांनी ऐकलं. कायदा एवढंच म्हणतो. सांगितलं की सुटलात."

"मी नाही सुटत."

"आमच्या पोराचं आम्ही बघू ना," बायकोचा आवाज चढला. "आम्ही त्या बुरशीतच राहायचं का? तुम्ही कोण ठरवणारे?"

तिचं काही चुकत नव्हतं. जोडपं निघून गेलं. दलाल मात्र जाता जाता बोलून गेला, "या गल्लीत घर घेणार कोण? ज्याला दुसरीकडे परवडत नाही तो. आणि त्याला पोरंबाळं असणारच. हातचं सोडलंत, आता बसा."

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, विकलं?"

"नाही गं."

"कुणी आलंच नाही?"

"आले होते. घेतही होते. मीच नको म्हटलं. त्यांचं लेकरू लहान आहे. माती खात होतं."

तिला गोष्ट उमजायला वेळ लागायचा आणि काका थांबायचे. थांबायला ते फार उशिरा शिकले होते.

"मी खायची तशी?"

"हो बाळा. तशीच."

"मग तू त्याला मारलं नाहीस ना?"

माती खाल्ली म्हणून काकांनी तिला कितीदा तरी बदडलं होतं. ती ते विसरली असेल, अशी इतकी वर्षं त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. ती वाट बघत होती.

"नाही गं," ते म्हणाले. "हात धुऊन दिले फक्त."

"बरं केलंस," लेक म्हणाली. "मग आता कधी येशील?"