करंजीची डहाळी

गोकुळाबाई सायकल शिकली तेव्हा चाळिशी ओलांडून बसली होती आणि अंगानंही भरली होती. शेअर ऑटो बंद झाला. ऊर्जानगरच्या क्वार्टरमधली धुणीभांडी सोडून भागणार नव्हतं, म्हणून भर पावसाळ्यात शाळेच्या मैदानात मीच तिला धरून धरून शिकवलं. चिखलात पडली की शिव्या मला. "डिंपल, या लोखंडापेक्षा गधा बरा," म्हणायची. तिचा नवरा इस्तारीभाऊ ऊर्जानगरातच ठेकेदाराकडं रोजीवर होता. तो कुंपणाशी उभा राहून हसायचा.

आमच्या गावाच्या आणि ऊर्जानगरच्या मध्ये जंगलाचा पट्टा आहे. त्यात वाघ आहे आणि मोबाईलला रेंज नाही. म्हणून एकट्यानं शिरायचं नाही, घंट्या वाजवत टोळीनं जायचं, आम्ही दोघी, इस्तारीभाऊ, हेमराज आणि गावातले आणखी दोघं. कोणाला आधी निघावं लागलंच, तर पट्ट्याच्या तोंडाशी दगडावर हिरवी डहाळी ठेवायची. मागच्यांना कळायचं की आपली माणसं पुढं गेली, थांबू नका. डहाळी नसली तर बाकीच्यांची वाट पाहायची. वाळलेली असली तर ती कालची, कोणी काढून टाकली नाही, एवढं समजायचं.

पावसाळाभर हे झकास चाललं. हिवाळ्यात हँडल धरवत नसे, तरी गोकुळाबाई स्वेटरवर नवऱ्याचा शर्ट चढवून सगळ्यांच्या पुढं. "आता मले कोणी गाडी पाठवली तरी मी नाई बसत," असं गावभर सांगत फिरायची. सवयीचा गर्व आम्हा सगळ्यांनाच चढला होता. डहाळीचा नियम पावसाळ्यात केलेला आहे, हे मात्र कोणाच्याच डोक्यात राहिलं नाही.

वैशाखात एका दुपारी आम्ही दोघी लवकर सुटलो. गोकुळाबाईचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. भाऊंची सुटी होईपर्यंत थांबू, असं मी म्हटलं.

"इथी तापत बसण्यापेक्षा घरी जाऊन पडू," ती म्हणाली. "ते येतेतच मांगून."

मी करंजीची कोवळी डहाळी तोडून दगडावर ठेवली, वर खडा ठेवला आणि आम्ही शिरलो.

पट्टा अर्धा झाला असेल. तिची सायकल डुलायला लागली आणि ती सायकलीसकट खाली आली. हात लावला तर अंग चटका बसेल इतकं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. बाटलीत दोन घोट गरम पाणी होतं, ते तिच्या डोक्यावर ओतलं. ओढत ओढत झाडाखाली नेलं. तिला एकटीनं उचलणं मला शक्य नव्हतं. सोडून जावं तर वाघाचा रस्ता. त्या उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पण भाऊंची सुटी झाली असणार, डहाळी पाहून ते सरळ आत येणार, आता येतीलच. मी तिथलीच एक फांदी मोडली आणि तिला वारा घालत बसले.

कोणी येईना. मी दोन्ही सायकलींच्या घंट्या वाजवल्या, घसा फुटेस्तोवर ओरडले. बसले असतील मेले तंबाखूचा खर्रा घोटत, म्हणून सगळ्यांना शिव्या घातल्या. गोकुळाबाई बडबडायला लागली होती. मला माय म्हणत होती, पाणी मागत होती. मला रडू फुटलं.

वारा लागेनासा झाला म्हणून हातातल्या फांदीकडं पाहिलं. आत्ताच तोडलेली, तरी पानं गुंडाळून गेली होती. हिची ही गत सावलीत, तर दगडावरची ती डहाळी भर उन्हात होती. तिला पाहून ते कालची समजले असणार. ते तिथंच बसले असणार, आमची वाट पाहत. चांगली माणसं ती, आम्हाला सोडून एक पाऊल पुढं टाकणार नाहीत.

तिची सायकल तिच्यापुढं आडवी टाकली. त्यानं काय वाघ थांबणार होता? माझ्या सायकलीवर बसले आणि तिच्याकडं वळून न पाहता पट्ट्याच्या तोंडाकडं परत निघाले.

दगडापाशी चौघंही झाडाखाली बसले होते. इस्तारीभाऊ उठून उभा राहिला.

"तू तिकून काऊन आली? आम्ही कवापासून तुमची वाट पाहून राह्यलो. गोकुळा कुठी हाय?"

त्याच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. तिला लागेल म्हणून त्यानं एवढ्या तहानेत तोंडही लावलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा ती बडबडत नव्हती. इस्तारीभाऊनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटली तिच्या तोंडाला लावली. पाणी ओठांच्या कडेनं बाहेर आलं. तो पुन्हा ओतायचा, ते पुन्हा बाहेर यायचं. शेवटी हेमराजनं त्याचा हात धरला आणि म्हणाला, "भाऊ, आता राहू द्या."

पुन्हा पाऊस लागला आहे. आम्ही सायकलनंच जातो, दुसरं करणार काय? पट्ट्याच्या तोंडाशी सगळे एकमेकांसाठी खोळंबतो. इस्तारीभाऊ येतो आणि आमच्याकडं न बघता एकटाच आत शिरतो. मी रोज हाक मारते, "भाऊ, थांबा नं." तो थांबत नाही.