मंडईच्या दिवशी हैदराबाद

मुन्नालाल पुस्तकसुद्धा धानासारखंच पारखायचा. आधी हातात घेऊन वजन बघायचं, मग मधूनच कुठेतरी उघडून दोन ओळी चाखायच्या आणि शेवटी भाव विचारायचा. गोंदियाच्या बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानात त्याचं हेच चाललं होतं. त्याची बायको शामकला शेजारी उभी राहून हे सगळं मुकाट बघत होती.

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना हैदराबादजवळच्या एका मोठ्या थीम पार्कला न्यायचं ठरलं होतं. प्रेरणा बारावीला होती. पुढच्या वर्षी ती शिकायला बाहेर जाणार, मग चौघं मिळून कुठे जाणं होतंय? धाकट्या गुड्डूनं तर मोबाइलवर तिथले व्हिडिओ बघून बघून कोणता पाळणा कधी उलटा होतो तेही पाठ केलं होतं. पण मुन्नालालचा मोबाइलवर भरवसा नव्हता. "त्याच्यात कोनीबी उठते अन् बोलते," तो म्हणायचा. "छापलेलं पायजे. छापनाऱ्याले लाज राहते."

त्यानं उचललं ते पुस्तक हिंदी होतं, विटेएवढं जाड. अख्खा दक्षिण भारत त्यात कोंबलेला होता आणि थीम पार्कच्या वाट्याला अर्धं पान आलं होतं. पण मुन्नालालला हवं ते बरोबर सापडलं.

"हे पाय शामकला, धर्मशाळेत गॅसची सोय आहे. भांडेबी भेटतात. तांदूळ आपन घरून नेऊ. बाहेरच्या मूठभर भातानं आपलं कुठं भागते?"

 अर्जुनी मोरगावजवळच्या मुन्नालालच्या गावात शामकला लग्न होऊन आली तेव्हापासून रांधत होती, त्याचं तिला काही नव्हतं. रांधणं कोणाला चुकलंय? पण एवढ्या लांब जाऊन, रेल्वेचं भाडं भरून, पुन्हा परक्या ओट्यावर तांदूळच धुवायचे असतील तर त्याला सहल कशाला म्हणायचं? तिला दोन दिवस चुलीकडे पाठ करून बसायचं होतं. बस, एवढंच. हे ती कोणाला बोलली नव्हती, कारण बोललं की लोक हसतात.

ती मागच्या मांडणीकडे गेली आणि एक पातळसं मराठी पुस्तक काढून चाळू लागली. नागपूरच्या कोण्या बाईनं लिहिलेलं होतं, स्वतः दोन पोरं घेऊन हिंडलेली बाई. कोणत्या रांगेत सावली आहे, उंची मोजायच्या खांबाशी पोराला कसं उभं करायचं, ओले कपडे कुठे बदलायचे, सगळं सरळ सांगितलेलं. आणि एका पानावर लिहिलं होतं: 'बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. डब्याच्या नादी लागू नका, आत जेवणघर आहे. आईनंही सुट्टीवर यावं, कामावर नाही.'

शामकलानं ती ओळ परत एकदा वाचली आणि पुस्तक बंद करून थेट गल्ल्यावर नेऊन ठेवलं.

"हे घ्याचं," ती म्हणाली.

"अवो, हे तं पापडावानी आहे," मुन्नालाल म्हणाला. पण तिचा चेहरा बघून त्यानं दोन्ही पुस्तकं घेतली. विटेएवढं पुस्तक पुढे टीव्हीच्या फळीखाली टेकण म्हणून छान कामी आलं. आखणी मात्र झाली ती पापडावरून.

आखणीत सगळं घर बसायचं. प्रेरणा मोठ्यानं वाचायची, गुड्डू मध्येच उड्या मारायचा आणि मुन्नालाल 'हो, हो' करत सुपारी कातरायचा. त्याची आई गीताबाई भिंतीला टेकून ऐकत असायची. तिचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. पाळण्यात लोक कसे किंचाळतात ते ऐकून ती म्हणाली, "पैसे देऊन भेव घ्याले जाता का बाप्पा? भेव तं आपल्या नहराच्या पुलावर फुकटात भेटते."

नागपूरच्या बाईंनी बजावलं होतं की दिवाळीच्या ऐन गर्दीत जाऊ नका, त्यानंतरच्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार बघा. तेही जमण्यासारखं होतं. गावची मंडई दरवर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भरायची. आता मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दिवसा दुकानं नि पाळणे, रात्री नाटक. ज्या गावची मंडई, त्या गावात भोवतालचे सगळे सोयरे येतात. त्यांना बोलवावं लागत नाही, ते येतातच. घरोघरी भाताचे मोठमोठे गंज चुलीवर चढतात आणि मंडईच्या दिवशी ज्याच्या दाराला कुलूप दिसलं, त्याची पोरं लग्नाला येईपर्यंत ती गोष्ट निघते. तर मंडई उरकायची, पाहुणे वाटेला लावायचे आणि सोमवारी निघायचं असं ठरलं. मुन्नालालनं गोंदियाला जाऊन चार तिकिटं काढली, बल्लारशाला गाडी बदलून हैदराबाद.

कोजागिरीच्या सुमाराला मंडईच्या कमिटीची बैठक झाली. मुन्नालाल कमिटीत होता आणि नाटकाचं खातं त्याच्याकडे होतं. बैठकीहून तो घरी आला तो पाय जमिनीला न लावता.

"भेटली!" तो दारातूनच ओरडला. "वडस्याची नाटक कंपनी भेटली! समदे गावं मांगं लागले होते तिच्या. भाऊबीजेच्या दुसऱ्या रोजी तिचं दुसऱ्या गावी ठरलेलं. अध्यक्ष खुशाल म्हने, सोडून द्या. मी म्हटलं, सोडाचं काऊन? आपली मंडईच सरकवा! मंगळवार खाली होता, मीच धरला. टाळ्या वाजवल्या लोकायनं!"

घरात कोणी टाळी वाजवली नाही.

"बाबा," प्रेरणा म्हणाली, "मंगळवारी आपन हैदराबादले आहोत."

मुन्नालाल मटकन खाटेवर बसला. खोटं कशाला बोला, त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. नाटकाची कंपनी म्हटलं की आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला बायको, पोरं, वार, तारीख यांतलं काहीही आठवत नाही. मग तो हळूच म्हणाला, "तिकिटा वापस करू मंग. उन्हाळ्यात जाऊ."

"उन्हाळ्यात माझ्या परीक्षा आहेत," प्रेरणा म्हणाली आणि आत निघून गेली. गुड्डूनं भोकाड पसरलं.

शामकला तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मी तं जाऊन राहिली," ती म्हणाली.

"कुठं?"

"हैदराबादले. पोरं घेऊन. तुमची मंडई, तुमी सांभाळा."

"अन् पाहुने? त्याईले कोन रांधंल?"

"तुमी."

मुन्नालाल हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याचंही हसू ओसरलं. "मी? अवो, मले काय येते?"

"लग्नाच्या पंगतीत अख्ख्या गावाचा भात तुमीच उतरवता ना? तुमी, खुशाल, समदे मानसं. तवा बाईले चुलीजवळ येऊ देत नाही. घरच्या पाहुन्याचा भात मंग कोनत्या वेगळ्या पान्यात शिजते?"

 तो चपला घालून खुशालकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शामकला परसात आली तर गीताबाई मोठा गंज आडवा पाडून राखेनं घासत बसली होती. एक गुडघा सरळ, एक दुमडलेला, तोंडानं 'आई गं' चालू.

"आई, हे कायले काढलं? मंडईले अजून टाइम आहे."

"हात तं बसला पायजे ना व. लय साल झाले, तूच करतेस." गीताबाईनं घासणं थांबवलं नाही. "मुन्ना बोलला मले. तू जा. मी करून घेईन."

तेव्हा शामकलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणूनच रात्री जेवताना नवरा निवांत होता! बायको गेली तर जाऊ दे, माय आहेच. तिला असा संताप आला की हातातली बादली तिनं आदळलीच. आणि संतापाच्या मागोमाग लाज आली. आपण सुट्टीवर जायचं आणि ह्या म्हातारीला या गुडघ्यांवर चुलीशी बसवायचं, ही कसली सुट्टी? असं जाण्यापेक्षा न गेलेलं बरं. न जाण्याच्या विचारानं तिचे डोळे भरून आले. तिनं सासूच्या हातातून राखेची चिंधी काढून घेतली.

"आई, तुमी चाला."

"कुठं?"

"आमच्यासंगं. त्याईचं तिकीट खालीच आहे."

"मी?" गीताबाई डोळे मोठे करून बघत राहिली. "मंडईच्या दिवशी? लोकं शेन घालतीन तोंडात. अन् मी काय त्या उलट्या पाळन्यात बसू?"

"नका बसू. खाली बाकावर बसा. पन चुलीजवळ नाही बसाचं."

 गंज तसाच आडवा पडून राहिला. दुपारी जेवणं झाल्यावर ती भिंतीला टेकली आणि कोणाकडे न बघता म्हणाली, "तिकडं थंडी राहते का? शाल घ्याव लागंल का?"

बायकोपुढे मुन्नालालनं वाद घातला असता, आईपुढे त्याचं काही चालेना. तिकिटावर आईचं नाव चढवायला अर्ज आणि रेशनकार्ड घेऊन गोंदियाला त्यालाच जावं लागलं. "स्वतःच्या हातानं स्वतःले गाडीतून उतरवून आलो," असं तो पुढे आठवडाभर सांगत फिरला. पण अर्ज दिला त्यानंच. आणि खुशाल कमिटीचा अध्यक्ष असूनही म्हणाला, "भिऊ नको गा, मी येतो भात उतरवाले." माणसं वाईट नसतात. सोय असली की आळशी होतात, एवढंच.

मंगळवारी ते पार्कात पोचले. गर्दी खरंच बेताची होती, नागपूरच्या बाईंचं खरं निघालं. गुड्डू मोजायच्या खांबाशी टाचा उचलून उभा राहिला नि पकडला गेला, पण टाचा टेकूनही भरला. शामकला एका पाळण्यात बसली आणि अशी किंचाळली की प्रेरणानं ओळख दाखवायची नाही असं ठरवलं. उतरल्यावर ती म्हणाली, "आनखी एकदा." गीताबाई सावलीतल्या बाकावर शाल मांडीवर घेऊन बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्याचे कपडे न्याहाळायचं काम तिला पुरून उरलं.

दुपारी मुन्नालालचा फोन आला. मागे नुसता गलबला. त्याची बहीण शकुंतलाबाई दारात पाय ठेवताच, घरात एकही बाई नाही हे बघून भडकली होती, पण ताट समोर आल्यावर गप्प झाली. भात जरा चिकट झाला, रस्सा फर्मास झाला. "तुमी मजा करा," तो घाईघाईनं म्हणाला, "मले वाढाले जाव लागते," आणि फोन ठेवला. शामकला एकटीच हसली.

मग ते जेवणघरात गेले. केवढा तो हॉल, लांबच लांब टेबलं, शेकडो माणसं जेवत होती. टोपी घातलेल्या पोऱ्यानं चार थाळ्या आणून ठेवल्या. पोरं तुटून पडली. गुड्डूनं दुसऱ्यांदा भात मागितला तरी गीताबाईचे हात मांडीवरच होते. ती हॉलभर नजर फिरवत होती.

"आई, जेऊन काऊन नाही राहिल्या? भाजी तिखट आहे का?"

"नाही व," गीताबाई म्हणाली. "लोकायचं होऊ दे ना. किती मानूस अजून जेऊन राहिला. मंग बसू आपन दोघी."

शामकलाला आधी कळेचना. मग कळलं, आणि तिनं थाळी सासूच्या पुढ्यात सरकवली.

"आई," ती म्हणाली, "हे आपले पाहुने नाहीत. यायच्या मांगं आपल्याले काही आवराचं नाही. खा तुमी."

गीताबाईनं तिच्याकडे बघितलं. मग तिच्या थाळीकडे बोट केलं.

"अन् तू?"

शामकलानं खाली पाहिलं. तिच्या थाळीतल्या भातालाही अजून हात लागला नव्हता. पोरांची जेवणं होत आली होती आणि ती त्यांच्याकडे बघत बसली होती.

भात एव्हाना निवून गेला होता. दोघींनी तो सगळा संपवला.