परिच्छेदातलं पहिलं वाक्य

प्रिंटरमधला पारदर्शक कागद बोटाला चिकटूनच वर आला, शाई अजून ओली असावी, कारण 'विहिरी' या मथळ्यातली शेवटची वेलांटी गिरधरच्या अंगठ्यावर उलटी उमटली होती – आणि ती पुसायची की कागद उजेडात धरायचा हे न ठरवता तो नुसताच खिडकीपाशी उभा राहिला. कागदातून पिंप्राळ्याची गल्ली दिसत होती, वाळत घातलेलं धुणं, समोरच्यांची स्कूटर, आणि त्या सगळ्यावर नानाच्या प्रबंधातली वाक्यं: 'आता या गावाकडे वळू.' त्याखाली: 'येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते.' त्याखाली: 'हा भाग पूर्वी बागायती होता.' कोणतं गाव, कोणती गोष्ट, आणि आता त्या भागाचं काय झालं... काही पत्ता नाही.

नाना म्हणजे जीवराम, त्याचा थोरला भाऊ. धुळ्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचा, आणि आवाज असा की मागच्या बाकावर पेंगणाराही दचकून वही उघडायचा. उन्हाळ्यात गाठीपायी त्याचं स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून तो बायकोला घेऊन इथे, गिरधरकडे – गळ्याला भोक, त्यावर मलमलीचं फडकं, हाताशी पाटी. गिरणाकाठच्या विहिरींवरचा प्रबंध आजारापूर्वीच लिहून झाला होता, गिरधरनेच तो कॉम्प्युटरवर छपाईसाठी जुळवला होता. राहिली होती परीक्षा, आणि तीही तोंडी – देवाला थट्टा करायला दुसरं कुणी सापडलं नाही. विद्यापीठाने मेहेरबानी केली: बोलता येत नसेल तर पारदर्शक कागदावरच्या स्लाईड पडद्यावर दाखवा, उत्तरं लिहून द्या. एवढा मोठा प्रबंध पुन्हा कोण टाईप करणार, म्हणून गिरधरने प्रोग्राम लिहिला. प्रकरण कुठे सुरू होतं, परिच्छेद कुठे, याच्या खुणा जुळणीच्या फाइलीत असतातच. त्या वाचायच्या, मथळा आला की नवी स्लाईड, आणि प्रत्येक परिच्छेदातलं पहिलं वाक्य उचलून त्याखाली मांडायचं. शहाणा माणूस मुद्दा आधी सांगतो, असं त्याने कुठेसं वाचलं होतं.

पण हे काम तो करत होता की कामाआड लपत होता... सोमवारी डॉक्टरांनी त्याला एकट्यालाच आत बोलावलं होतं. गाठ परत आलीय, छातीत उतरलीय, करण्यासारखं आता फारसं नाही, घरी सांगून ठेवा. सांगून ठेवा – आणि मग त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. बाहेर बाकावर बसलेल्या पुष्पावहिनीने वर पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, रिपोर्ट यायचाय. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो नानाच्या खाटेशी बसे आणि बोलत राही: कागद प्रिंटरमध्ये अडकला, लाईट गेली, फ्लॉपी खराब निघाली, साहेब लोकांना पडद्यावर मोठी अक्षरं लागतात. नाना ऐकून घेई. परीक्षेपर्यंत तरी त्याला उभं ठेवायचं, असं गिरधरने ठरवलं होतं, आणि हे ठरवणारे आपण कोण, हा प्रश्न तो स्वतःला विचारत नव्हता.

त्याने मूळ पानं काढली. असं कसं लिहितो हा माणूस? परिच्छेद सुरू होतो तो पारोळ्याच्या वाटेवरच्या निंबापासून, मग शेतकऱ्याचं नाव, मग खोदाईला मजूर कुठले आणले, मग कातळ लागला, मग भावाभावांत वाद... आणि अगदी तळाशी, संपतासंपता – 'पाणी लागले नाही.' वाचता वाचता गिरधरला हिलालकाका आठवला. धुळ्याच्या खोलीत दोघं भाऊ शिकायला राहत होते तेव्हा काका अचानक दारात उभा राहिला, पाणी मागितलं, मेसचं जेवण कसं ते विचारलं, कपाशीला बोंडं बरी धरलीत म्हणाला, बैलाच्या खुराला लागलं ते सविस्तर सांगितलं, आणि मग धोतराचा सोगा खोचत, भिंतीकडे बघत – "चाला घर. बाप गया तुमना." आपल्याकडे वाईट बातमी अशीच येते, पाणी पिऊन, दम खाऊन. एसटीत नाना म्हणाला होता, काकाने पाणी मागितलं तेव्हाच मला कळलं होतं.

म्हणजे नानाने प्रबंधही तसाच लिहिला... प्रत्येक विहिरीची बातमी काकासारखी आणली. गिरधरने प्रोग्राममधली एकच ओळ बदलली. पहिलं नको, शेवटचं वाक्य उचल. प्रिंटर कुरकुरत सुरू झाला आणि कागद येऊ लागले: 'पाणी लागले नाही.' 'म्हणून ती विहीर बुजवली.' 'घराला आज कुलूप आहे.' 'आता तिथे कोणी उतरत नाही.' हा नानाचा आवाज होता, वर्गात शेवटच्या वाक्याआधी तो थांबायचा त्या थांबण्यासकट. गिरधरला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. एवढं सरळ, एवढं उघडं या माणसाला लिहिता येतं, आणि आपण त्याच्यापासून काय लपवतोय?

कागद वाळल्यावर तो ते घेऊन आत गेला. वहिनी वाटीत पेज गार करत होती. नानाने एकेक कागद खिडकीच्या उजेडात धरला, सावकाश वाचला, आणि त्याची छाती हलू लागली. फडक्यातून नुसतीच हवा फसफसत होती. हसत होता.

"हासू नका, खोकला येई," वहिनी म्हणाली.

"नाना, तू मुद्दा शेवटले सांगस, मंग मी बी प्रोग्राम फिराई टाका," गिरधर म्हणाला, आणि नाना खूश दिसतोय या आनंदात बोलतच सुटला – शाई लवकर वाळत नाही, चांगला कागद पाचोऱ्याला मिळतो म्हणे, प्रोजेक्टरचा दिवा जुना आहे, एक जादा दिवा जवळ ठेवावा लागेल...

नानाने पाटी ओढली. लिहायला त्याला वेळ लागला. मग पाटी फिरवून त्याने ती गिरधरच्या गुडघ्यावर ठेवली.

'तुनं शेवटनं वाक्य काय शे?'

वहिनीला तिथून अक्षर दिसत नव्हतं. "काय लिखेल शे?" तिने विचारलं, वाटीत चमचा फिरवत.

नाना गिरधरकडे पाहत होता. त्या नजरेत विचारणं नव्हतं. ठाऊक असलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बसलेल्या माणसाची ती नजर होती – आणि गिरधरला कळलं की रोज संध्याकाळी तो खाटेशी बसायचा, कागदाचं, लाईटीचं बोलायचा, तेव्हा नाना स्लाईडचं ऐकतच नव्हता. वाट पाहत होता. एकट्याने, पाटी हाताशी असून काही न लिहिता... आणि आपण समजत होतो की त्याला सांभाळतोय. सांभाळत तर नाना होता, आपल्याला.

"भाऊ? काय लिखं त्यास्नी?" वहिनीचा चमचा थांबला होता.

गिरधरने तोंड उघडलं. दिव्याबद्दल काहीतरी, कागदाबद्दल काहीतरी येईल म्हणून तो क्षणभर थांबला. सोमवारपासून पहिल्यांदाच त्याला त्या शेवटच्या वाक्याशिवाय दुसरं काही सुचेना.