नियमात न बसलेल्या मावशी

ठमीने खिडकीच्या काचेवर नाक चपटं करून जीभ दाखवली, आणि तिला सांभाळणाऱ्या मावशींनी फाटकाबाहेरून तोंडावरचा मास्क फुगवून तिला उत्तर दिलं. आत यायचं की नाही, हे अजून ठरायचं होतं. ठमीची आई पायरीवर बसून सरकारी हेल्पलाइनवर बोलत होती आणि मावशींना कुठल्या खात्यात घालावं, हे पलीकडच्या माणसाला काही केल्या उमगत नव्हतं.

साथीमुळे बंद पडलेली कामं आता कुठे सुरू होत होती. न्हाव्यांसाठी नियम आले होते, नळ दुरुस्त करणाऱ्यांसाठी आले होते, कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्यांसाठीसुद्धा आले होते. दुसऱ्याच्या घरी जाऊन मूल सांभाळणाऱ्या बाईबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. त्या नर्स आहेत का, असं त्या माणसाने विचारलं. नाहीत. पाळणाघर चालवतात का? नाही, त्या एकट्या आणि मूलही एकच. मग घरातल्याच आहेत का?

"आमच्या मुलीला विचाराल तर हो," ठमीची आई म्हणाली.

त्यावर, तुम्हीच तारतम्याने काय ते ठरवा, असं सांगून त्याने फोन ठेवून दिला.

ऑफिसच्या बैठका आणि ठमी, दोन्ही एकटीने ओढताना ठमीची आई पार मेटाकुटीला आली होती. मावशींनाही घरी करमत नव्हतं. उशांचे सगळे अभ्रे उसवून पुन्हा शिवून झाले होते. दोघींनाही एकमेकींची गरज होती, पण बोलायला कुणी धजत नव्हतं.

शेवटी ठमीच्या आईने अवघडतच सुरुवात केली. घरी कोण कोण असतं, बाजारात कोण जातं, कुणी खोकतंय का. मावशींनी सगळं सांगितलं. नवरा हॉटेलात स्वयंपाकी, हॉटेल बंद म्हणून घरीच. आणि सासूबाई, त्यांची छाती मुळातच नाजूक. एवढं बोलून त्या जराशा घुटमळल्या.

"ताई, मीपण एक विचारू? तुमच्याकडे कोण येतं?"

ठमीच्या आईने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मावशी काय घेऊन येतील, याचीच तिने आजवर धास्ती घेतली होती. मावशी इथून काय घेऊन जातील, हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं, हे मावशींना तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं.

"कुणीच नाही," ती म्हणाली.

मागे दारात उभ्या असलेल्या ठमीच्या बाबांनी घसा खाकरला. रोज संध्याकाळी ते फिरायला जात होते, ते शेजाऱ्याच्या गॅरेजपर्यंतच. तिथे चौघं मिळून पत्ते खेळत.

"तसा फार लांब नव्हतो जात," ते म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मावशी लगबगीने कुंडीतली फुलं न्याहाळू लागल्या.

छाती सासूबाईंची, तेव्हा निकालही त्यांनीच द्यावा, म्हणून मावशींनी तिथूनच घरी फोन लावला आणि स्पीकर चालू करून फाटकावर धरला. सासूबाईंनी नवरा-बायको दोघांची उलटतपासणी घेतली. मग सांगितलं, की पत्ते बंद. दोन आठवडे सूनबाई ठमीला अंगणातच खेळवेल. सगळे ठणठणीत राहिले, तर मग घरात.

"आणि तू गं, वेळेवर जेवतेस का? आवाज किती दमलाय तुझा."

ठमीच्या आईने हो म्हटलं. थोड्या वेळाने नाही म्हटलं.

अंगणातले ते दिवस झकास गेले. ठमीने आणि मावशींनी चिखलाची दुकानं मांडली, दोघी मुंग्यांच्या मागे मागे फिरल्या, आणि त्यांनी ठमीच्या बाबांना खोटी बिस्किटं खायला लावली. कुणाला साधी शिंकही आली नाही. मग एका सकाळी मावशी रीतसर उंबरा ओलांडून आत गेल्या आणि ठमी दुपारपर्यंत त्यांच्या कडेवरून उतरली नाही.

त्याच आठवड्यात एकदा त्या नेहमीपेक्षा लवकर घरी परतल्या, तर नवऱ्याने गॅसपाशी उभं राहून ओठांवर बोट ठेवलं. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत फोन कानाला लावून बसल्या होत्या.

"आधी पाणी पी घोटभर," त्या म्हणत होत्या. "रडू येतं तर येऊ दे. मी कुठे पळून चालले आहे?"

मावशींनी खुणेनेच विचारलं, कोण? सासूबाईंनी फोनवर तळवा धरला.

"ठमीची आई. पोरगी झोपली की करते रोज."

तासाभरापूर्वी त्याच ताईंनी हसत हसत मावशींना निरोप दिला होता. मावशींनी सासूबाईंच्या पायाखाली स्टूल सरकवलं आणि जवळच जमिनीवर बसल्या. जेवायचं कधी, असं नवऱ्याने हळूच विचारलं.

"थांब जरा," सासूबाई म्हणाल्या. "तिला शांत होऊ दे."

मग फोन पुन्हा कानाला लावून, आपला मुलगा लहानपणी झोपेसाठी कसा अख्खं घर डोक्यावर घ्यायचा, ते त्या रंगवून सांगू लागल्या. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने हसण्याचा. गॅसपाशी नवऱ्याने दोन्ही कान झाकून घेतले.